नोएलीनच्या सात काठ्या

नोएलीन रांगायला लागली ती वाळूत. घरात चटईवर ठेवली की भोकाड पसरायची, आणि अंड्यांच्या शेतात नेऊन गरम वाळूवर पालथी टाकली की मांजरासारखी तिथेच झोपून जायची. सावो बेटाच्या पोटात विस्तव आहे. त्यामुळे किनाऱ्याकडची ती वाळू खालून तापते. वर हात ठेवला तर कोमट, कोपरापर्यंत घातला तर चुलीतल्या निवत आलेल्या राखेसारखी. आजी डोरिका म्हणायची, "हिला आईने नाही, वाळूने वाढवलंय." त्यात निम्मं खरं होतं. आई रेजिना होनियाराला इस्पितळाच्या धुलाईत कामाला. महिन्यातून एकदा बोटीने यायची, तांदूळ नि साबण आणायची, जाताना पोरीच्या केसांत नाक खुपसून खूप वेळ उभी राहायची. बाकीचं सगळं आजीकडे.

त्या शेतात पाखरं अंडी घालतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना मेगापोड म्हणतात, गावात नुसतं पाखरू म्हटलं की तेच. कोंबडीएवढं, काळपट, आणि पाय मात्र दुसऱ्या कुणाचे उसने आणल्यासारखे थोराड. उजाडताना रानातून येतं, हातभर खड्डा उकरतं, त्यात एक अंडं घालतं, वर वाळू लोटतं आणि निघून जातं. पुन्हा वळून बघायचं नाव नाही. पाखरं गेली की माणसं येतात. शेताचे वाफे पाडलेले, मधे झावळ्यांची कुंपणं, आणि प्रत्येक वाफा आईकडून लेकीकडे आलेला. माणूस पोटावर आडवा होतो, खांद्यापर्यंत हात वाळूत घालतो, डोळे मिटतो आणि बोटांनी चाचपत राहतो. तेवढ्यापुरता गावातला तोंडाळातला तोंडाळ माणूससुद्धा प्रार्थनेला बसल्यासारखा दिसतो. मग अंडं वर येतं, कोंबडीच्या दोन अंड्यांएवढं, हाताला ऊबदार.

डोरिकाच्या लहानपणी त्यांच्या वाफ्यातून एका सकाळी चाळीस अंडी निघायची. नोएलीन पहिलीत होती तेव्हा वीस. आता ती सोळा वर्षांची झाली होती, आणि फिलेमॉनमामा टोपली घेऊन परत आला की टोपलीत आठ, फार तर नऊ. मामा म्हणायचा, "पाखरं आळशी झालीत." आजी म्हणायची, "घोरपडी माजल्यात." शेजारच्या वाफ्यातली हिल्डा म्हणायची की कुणीतरी चोरून खणतंय, आणि म्हणताना मामाकडे बघायची.

नोएलीन काहीच म्हणायची नाही, कारण तिला माहीत नव्हतं. माहीत नसलं की गप्प बसायचं हा तिचा गुण. माहीत झालं की अजिबात गप्प बसायचं नाही, हा अवगुण.

शाळा बेटाच्या पलीकडच्या अंगाला. सोमवारी सकाळी चालत जायचं, तिथेच राहायचं, शुक्रवारी दुपारी चालत यायचं. त्या वर्षी शाळा उघडली आणि मकिरा बेटावरच्या एक बाई शिकवायला आल्या, मिस एलमा. त्यांनी वर्गाला सांगितलं, "तुमच्या घराजवळची एक गोष्ट निवडा, जी तुमच्या आज्यापणज्यांपासून चालत आली आहे. ती तुमच्या नातवंडांपर्यंत पुरेल का, ते शोधून लिहा. पुस्तकातून उतरवलेलं परत मिळेल." कुणी खाडीतली झाडं घेतली, कुणी रानातल्या न्गाली झाडाच्या बिया घेतल्या, दोघांनी मासे घेतले कारण त्यात पोहायला मिळेल. नोएलीनने अंडी घेतली. तिला वाटलं सोपं आहे, सगळं माहीतच आहे.

कपाटातल्या जुन्या पुस्तकात तिने वाचलं की अंडं वाळूत दोन महिने राहावं लागतं, कधी थोडं जास्त. मग पिल्लू आतल्या आत फुटतं, एकटंच वर खणत येतं, त्यात त्याचे दोन दिवस जातात. बाहेर आलं की अंग झटकतं आणि त्याच दिवशी उडून रानात जातं. त्याला कुणी घ्यायला येत नाही. आई कोण ते त्याला कधी कळत नाही, आणि आईला त्याचं काही पडलेलं नसतं.

नोएलीनने पेन्सिल खाली ठेवली. दोन महिने! आमच्या वाफ्यात अंडं दोन दिवस तरी टिकतं का? सकाळी पाखराने घालायचं, सकाळीच मामाने काढायचं. सोळा वर्षं तिने ती अंडी खाल्ली होती. नारळाच्या दुधात, बांबूत भाजून, कसाव्याच्या वड्यांत घालून. पाखरं रानातून येतात हे तिला माहीत होतं. रानात कुठून येतात हे तिने कधी विचारलंच नव्हतं. समुद्र कुठून येतो हे तरी कोण विचारतं?

शुक्रवारी जेवताना तिने तोंड उघडलं.

"आजी, आपण पिल्लं खातोय."

"अंडी खातोय," आजी म्हणाली. "रताळं घे."

"सगळी खातोय ना पण! एकही मागे ठेवत नाही. मग पाखरं येणार कुठून?"

"रानातून," मामा म्हणाला. "आजवर कुठून येतायत?"

"आणि रानात कुठून येतात?"

मामाने अख्खं रताळं तोंडात कोंबलं. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. पण नोएलीन थांबली होती. रताळं संपेपर्यंत थांबली.

"हे त्या मकिरावालीने भरवलंय डोक्यात," तो शेवटी म्हणाला. "तिच्या बेटावर अशी वाळू तरी आहे का? तिला काय कळतंय?"

"तिने नाही सांगितलं. मी शोधलं."

"म्हणजे आणखीच वाईट."

"आजी, मला एक पट्टी दे. रानाच्या बाजूची, चार पावलं रुंद. तिथे कुणी खणायचं नाही. बस."

डोरिका कमी बोलणारी. तिने हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, "माझ्यामागे तो वाफा रेजिनाचा, आणि तिच्यामागे तुझा. तुझ्या वाट्यातलं चार पावलं आत्ताच मागतेस, तर घे. ईस्टरपर्यंत घे. पण तोवर या घरातलं एकही अंडं तुझ्या पानात पडणार नाही. तुझा वाटा तू वाळूत ठेवलायस, मग आमच्यातलं मागायचं नाही."

"नाही मागणार."

"आणि ईस्टरपर्यंत एकही पिल्लू निघालं नाही तर?" मामाने विचारलं.

"तर पट्टी पुन्हा तुझ्याकडे खणायला. आणि ही पोर या विषयावर पुन्हा बोलणार नाही."

"मला नुसतं दुसरं दिलंत तरी चालेल," मामा म्हणाला.

असं ते ठरलं. जानेवारी संपत आला होता, ईस्टर एप्रिलात होता. नोएलीनने बोटांवर मोजलं आणि तिला वाटलं, भरपूर वेळ आहे.

मिस एलमांनी सांगितलं होतं, निरीक्षण करताना जागेची खूण ठेवा, तारीख लिहा. नोएलीन आज्ञाधारक मुलगी. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला निळ्या दोराचा तुकडा तिने उसवला, त्याचे झुपके केले आणि काठ्यांना बांधले. शनिवारी-रविवारी पहाटे ती कुंपणाबाहेर बसून राहायची. पाखरू पट्टीत उकरायला लागलं की श्वास रोखायची, ते गेलं की हळूच जाऊन तिथे काठी रोवायची आणि वहीत तारीख लिहायची. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सात काठ्या झाल्या. निळे झुपके वाऱ्यावर हलायचे. पट्टी अशी दिसायची जशी काही तिथे जत्राच भरणार आहे.

हिल्डा कुंपणावरून डोकावली. "काय गं नोएलीन, कुठल्या म्हातारीसाठी एवढ्या काठ्या?"

"शाळेसाठी," नोएलीन म्हणाली, आणि वहीतून मान वर न करता तारीख लिहीत राहिली.

हिल्डा काय म्हणाली होती ते तिला एक महिन्याने कळलं. खरं तर तिला आधीच कळायला हवं होतं. लहानपणी ती स्वतः पणजोबांसाठी काठी रोवायला मामाबरोबर जायची. पण गेले काही महिने घरात तसं कुणी म्हातारं नव्हतं, आजी अजून स्वतः खणत होती, आणि शाळेतली गोष्ट डोक्यात शिरली की घरातली गोष्ट थोडी मागे सरकते. एवढंच झालं.

मार्चमध्ये मोठी आजी परत आली. सेलेस्तीना, डोरिकाची थोरली बहीण. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, म्हणून आठ महिने होनियाराला रेजिनाजवळ राहिली होती. आधी एक डोळा, मग थांबायचं, मग दुसरा. बोटीतून उतरली ती फिलेमॉनला म्हणाली, "अरे, तू एवढा म्हातारा झालास? मला कुणी सांगितलं नाही." मग डोरिकाकडे बघून म्हणाली, "तुला काही बोलत नाही." तोंडात सुपारी, हातात चुन्याची डबी, आणि बघेल त्या गोष्टीचं नाव घेत घराकडे चालली. ही बोट निळी आहे, हा कुत्रा ठिपक्यांचा आहे, हिल्डाच्या घराचं छप्पर गंजलंय.

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी डोरिका देवळाच्या झाडलोटीला गेली, मामा मासेमारीला, नोएलीन शाळेत. सेलेस्तीना काठी टेकत एकटीच वाफ्याकडे निघाली.

नोएलीन दुपारी घरी आली तेव्हा मोठी आजी दारातच बसली होती. तिने पोरीला ओढून जवळ घेतलं, दोन्ही हातांत तिचं तोंड धरलं आणि नव्या डोळ्यांनी इतका वेळ न्याहाळलं की नोएलीनला घाम फुटला.

"सात!" मोठी आजी म्हणाली. "नजर अधू झाली त्या दिवसापासून माझ्यासाठी कुणी दोनच्या वर काठ्या रोवल्या नव्हत्या. सात! आणि वर निळे फुलोरे! मला लांबून दिसले गं. कुंपणाच्या बाहेरूनच दिसले."

नोएलीनने शाळेची पिशवी खाली ठेवली.

त्या शेतात काठीचा अर्थ एकच. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाकत नाहीत, नजर वाळू वाचू शकत नाही. पण अंडं आयतं हातात दिलं तर ते त्याच्या मनाला लागतं, मी काय भिकारी आहे का म्हणून. म्हणून घरातलं कुणीतरी पहाटे जाऊन जागा हेरतं आणि तिथे काठी रोवून येतं. खणायचं म्हाताऱ्यानेच, बढाई मारायची त्यानेच. काठी म्हणजे: हे तुझं, आम्ही तुला विसरलो नाही.

"खणलीस?" नोएलीनने विचारलं. विचारायला काही उरलं नव्हतं तरी.

"सगळी. दमले, पण खणली. फादरना दोन दिली, हिल्डाला एक. तिला जरा जळू दे म्हणून दिलं. उरलेल्या चारांच्या वड्या केल्यात, तुझ्यासाठी ठेवल्यात." मग तिने आवाज खाली आणला. "एक सांगू? चारांत पिल्लू धरलेलं होतं. जुनी होती. म्हाताऱ्यांना जुनी आवडतात म्हणा, पण तुला जुनं-ताजं अजून कळत नाही, हो ना? असू दे. शिकशील."

तेवढ्यात डोरिका देवळातून आली. तिने पानावरच्या वड्या बघितल्या, नोएलीनचं तोंड बघितलं, आणि काय झालं ते तिला कळलं. ती नोएलीनला मागच्या बाजूला घेऊन गेली. पोर तिथे नारळाच्या ढिगावर बसली आणि रडली.

"सांगते मी तिला," ती म्हणाली.

"काय सांगशील? ते तुझ्यासाठी नव्हतंच, असं? आठ महिन्यांनी डोळे उघडले आणि पहिलं तिला ते दिसलंय."

नोएलीन नाक पुसत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "वड्या कशा नाही म्हणू? ईस्टरपर्यंत अंडं खायचं नाही ना मी."

डोरिकाने विचार केला. "पोट दुखतंय म्हण. खोटं नाही होणार."

संध्याकाळी मामा आला, त्याला गोष्ट कळली, आणि तो घराच्या मागे जाऊन हसला. आधी खांबाला धरून, मग खाली बसून. डोळे पुसत परत आला. "मी म्हणतो, मिस एलमांचे आभार मानायला हवेत. सगळ्या वाफ्यांना काठ्या लावा म्हणावं, आमची मेहनत वाचेल." मग जरा गंभीर झाला. "बरं, आता सात गेली. पट्टी मोकळी झाली ना? ईस्टरच्या आधी बाजारात अंड्याला मागणी असते."

"ईस्टर म्हणजे ईस्टर," डोरिका म्हणाली. "अजून चार आठवडे आहेत."

"चार आठवड्यांत काय होतंय? आज घातलेलं अंडं जूनमध्ये फुटेल. हिचंच पुस्तक सांगतंय."

ते खरं होतं. त्या रात्री नोएलीनने वहीत फक्त एक ओळ लिहिली: सात अंडी होती, खुणा होत्या म्हणून गेली.

हे गुपित टिकलं रविवारपर्यंत. प्रार्थनेनंतर हिल्डाने मोठ्या आजीला अंड्याबद्दल धन्यवाद दिले आणि वर म्हणाली, बिचाऱ्या पोरीच्या शाळेचं नुकसान झालं हो. हिल्डा वाईट बाई नव्हती. तिच्या पोटात काही राहायचं नाही इतकंच.

सेलेस्तीना घरी येऊन बसली. सुपारी फोडली, चुना लावला, चावली, थुंकली. मग नोएलीनला हाक मारली.

"तुझं पोट अजून दुखतंय का?"

नोएलीन मान खाली घालून उभी.

"डोरिका, तू पण माहीत असून गप्प बसलीस. आणि आधी पट्टी दिलीस ती मला न विचारता. थोरली मी आहे ना? का डोळ्यांबरोबर तेही काढून ठेवलं होनियाराला?"

"तू नव्हतीस, अक्का."

"नव्हते म्हणून मेले होते का?" वाफ्यावर शेवटचा शब्द थोरलीचा. तिने आत्ता म्हटलं असतं की पट्टी काढून घ्या, तर विषय संपला असता. मामाने टोपलीकडे एक नजर टाकलीसुद्धा.

"पोरी, तुला काय हवं होतं त्या पट्टीतून? मला सांग. शाळेच्या भाषेत नको."

नोएलीन बोलायला लागली. आधी अडखळत, मग एका दमात. "मी खाल्लेली सगळी अंडी, मोठ्याआजी, मी कधी विचारलंच नाही. पाखरू आपल्यावर सोडून जातं. ते काही परत येऊन बघत नाही, कारण त्याला वाटतं वाळू आहे ना, वाळू सांभाळेल. वाळू सांभाळतेच. आपणच काढतो. तुमच्या वेळी चाळीस होती, आता आठ आहेत, आणि माझ्यापर्यंत वाफा येईल तेव्हा नुसती गरम वाळू येईल. मला एक तरी पिल्लू जाऊ द्यायचं होतं. आपल्या वाफ्यातून. बघायचं होतं की जातं."

मोठ्या आजीने सुपारी थुंकली.

"चल," ती म्हणाली. "माझी काठी दे."

सगळे वाफ्यावर गेले. सेलेस्तीना पट्टीच्या कडेने चालली, थांबत, वाकत, नव्या डोळ्यांनी वाळू वाचत. उकरलेली वाळू पाखरू मागे फेकतं आणि खड्डा भरताना बाजूने लोटतं. कधी फसवायला शेजारी खोटा खड्डाही करून ठेवतं. हे सगळं ती पुटपुटत होती. मग सरळ उभी राहिली आणि हसली.

"तुला सातच दिसली होती?"

"सातच. शनिवार-रविवार मी इथेच असायची."

"आणि सोमवार ते शुक्रवार पाखरं काय शाळेत जातात?"

मामा खोकला. नोएलीन मामाकडे वळली.

"मी नाही खणलं," तो म्हणाला. "पट्टी म्हणजे पट्टी. शब्द दिला होता." आणि ते खरं होतं. फिलेमॉन कितीही बडबडला तरी दिलेल्या शब्दाचा पक्का.

"म्हणजे अजून आहेत?" नोएलीनने विचारलं. "कुठे?"

"ते मी सांगणार नाही," मोठी आजी म्हणाली. "सांगितलं की तू काठी रोवशील."

दुसऱ्या दिवसापासून सेलेस्तीना पट्टीच्या टोकाला येऊन बसायला लागली. पाखरं गेली की यायची, झावळीच्या सावलीत जुनी प्लास्टिकची खुर्ची टाकायची, आणि ऊन चटके द्यायला लागेपर्यंत हलायची नाही. ती बसली असताना तिच्या पुढ्यातली वाळू कोण खणणार? येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, काय मिळालं, किती मिळालं, तुझ्या मुलीचं लग्न ठरलं का. एकदा घोरपड आली तर तिला चप्पल फेकून मारली. चप्पल घोरपडीला लागली नाही, हिल्डाला लागली. सेलेस्तीना म्हणाली की आपली नजर अजून पक्की बसलेली नाही, डॉक्टरांनी वेळ लागेल म्हणून सांगितलंय.

शनिवारी-रविवारी नोएलीन तिच्या पायाशी बसायची. वहीत तारखा नव्हत्या आता. बसल्या बसल्या मोठी आजी तिला वाळू वाचायला शिकवायची, पण दुसऱ्याच बाजूची, खणायच्या भागातली. हे कालचं. हे आजचं. हे खोटं. हात घाल, बघ. अंडं हातात घेऊन तोल, जुनं हलकं लागतं. नोएलीन चुकायची, मोठी आजी हसायची, मामा तेच अंडं टोपलीत टाकायचा. पोरीच्या मनात यायचं, पिल्लाला कुणी काही शिकवत नाही आणि ते पहिल्याच दिवशी उडतं. मला दोन आज्या, एक मामा आणि एक मिस शिकवतायत, आणि तरी सात काठ्या. पण त्या विचाराने तिला वाईट वाटायचं नाही. वाळू खालून उबदार असायची, मोठ्या आजीचा सुपारीचा वास असायचा, आणि समोर चार पावलं जागा होती जिच्याकडे नुसतं बघत बसायचं होतं. काहीही न काढता बघत बसायला मजा येते, हे तिला नवीन होतं.

ईस्टरच्या आठवड्यात शाळेला सुट्टी लागली. गुरुवारी काही नाही. शुक्रवारी काही नाही. शनिवारी दुपारी रेजिना बोटीने आली. लेकीच्या केसांत नाक खुपसून म्हणाली, "सगळी वाळूच वाळू." त्या दिवशीही काही नाही.

ईस्टरच्या सकाळी पाखरं गेली आणि फिलेमॉन आला. देवळात जायचा पांढरा सदरा अंगात, हातात टोपली. तो काही बोलला नाही, पण टोपली बोलत होती. नोएलीन उठून उभी राहिली. मोठी आजी खुर्चीतच बसून राहिली आणि चुन्याच्या डबीत काहीतरी शोधत राहिली.

मामा पट्टीत शिरला. दोन पावलं गेला आणि थांबला. मग उकिडवा बसला, पांढऱ्या सदऱ्याची पर्वा न करता वाळूला गाल लावून तिरपं बघितलं. नोएलीनला वाटलं, आता हात घालणार. ती पुढे धावली.

"ए!" मामा ओरडला. "पाय मागे घे! पुसशील!"

ती जागच्या जागी थिजली.

वाळूत एक वाटी पडली होती, ओंजळीएवढी. तिच्या मागे फेकलेली वाळू नव्हती, कडा आतल्या बाजूला ढासळल्या होत्या. वरून कुणी खणलं तर असं होत नाही. "आतून फुटलंय," मामा म्हणाला, आणि आवाज एकदम खाली आला. फिलेमॉन बाजारात, बोटीत, पत्त्यांच्या डावात वाटेल ते बोलायचा. वाळूबद्दल त्याला खोटं बोलता यायचं नाही. त्याच्या हातांनी ते होऊच दिलं नसतं.

वाटीपासून बारीक पावलं निघाली होती. तीन बोटं पुढे, एक मागे, आणि एवढ्याशा जिवाला न शोभणारी थोराड. पावलं जाणारी होती, येणारी नव्हती. मामा त्यांच्या बाजूने रांगत गेला, त्याच्यामागे नोएलीन, मागे रेजिना स्कर्ट आवरत, आणि खुर्चीतून ओरडून विचारणारी सेलेस्तीना, "काय आहे? बोला की! माझ्या डोळ्यांचे पैसे वसूल होऊ द्या!" पट्टीच्या टोकाला, रानाच्या कडेला, शेवटची दोन पावलं खोल उमटली होती. त्यापुढे काही नव्हतं.

"इथून उडालं," मामा म्हणाला.

नोएलीन रानाकडे बघत राहिली. रान रोजच्यासारखंच होतं, दाट आणि गप्प. पिल्लू दिसलं नाही. एवढं सगळं करून दिसलं नाहीच. पण तिला रडू आलं नाही, उलट हसूच आलं. ते गेलं होतं, आणि जायलाच तर हवं होतं.

मामाने रिकामी टोपली उचलली आणि सदऱ्याची वाळू झटकली. "मावशी, पट्टीचं काय?"

"पट्टीचं काय काय? आहे तिथेच आहे," सेलेस्तीना म्हणाली. "पुढच्या ईस्टरलाही तिथेच असेल. आणि आज हिच्या पानात अंडं वाढा. पोर वाळली."

शाळा सुरू झाल्यावर नोएलीनने वही दिली. तिने लिहिलं होतं: काठ्या रोवल्या ती सात अंडी आम्ही खाल्ली. काठी नव्हती त्या अंड्यातून एक पिल्लू गेलं. आणखी असतील, मोठी आजी सांगत नाही. आमचा वाफा माझ्या नातवंडांपर्यंत पुरेल का, ते मला अजून माहीत नाही. चार पावलं तरी पुरेल.

मिस एलमांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला: पुरावा?

शुक्रवारी ती वही मामापुढे आली. त्याने तो शब्द वाचला, मकिरावाल्यांबद्दल एक-दोन गोष्टी बोलला, मग चुलीतल्या कोळशाचा तुकडा घेतला आणि पानभर एक पाऊल काढलं. तीन बोटं पुढे, एक मागे. खाली लिहिलं: मी वाचलं. आतून फुटलं होतं. फिलेमॉन. पूर्ण गुण मिळाले. मिस एलमा नंतर एका रविवारी पाऊल बघायला स्वतः आल्या. पाऊल केव्हाच पुसलं होतं. सेलेस्तीनाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि सुपारी दिली.

पण त्याआधी, ईस्टरनंतरच्या पहिल्याच शनिवारी, नोएलीन पहाटे एकटीच शेतात गेली. पट्टीकडे नाही, खणायच्या भागाकडे. कुंपणाबाहेर बसून राहिली, पाखरं जाईपर्यंत. मग वाळू वाचत फिरली, एका जागी थांबली, पुन्हा मागे आली, खात्री केली. कमरेला खोचलेली एक काठी काढली. तिला निळ्या दोराचा एकच झुपका होता. ती रोवून घरी आली आणि काही बोलली नाही.

ऊन वर आल्यावर सेलेस्तीना खुर्ची ओढत वाफ्याकडे गेली. काठी तिला कुंपणाबाहेरूनच दिसली. ती हळूहळू गुडघ्यांवर आली, मग पोटावर आडवी झाली, खांद्यापर्यंत हात वाळूत घातला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने अंडं वर आलं. तिने ते तळहातावर ठेवलं, वर-खाली तोललं, कानाशी नेलं.

कुंपणामागून नोएलीन श्वास रोखून बघत होती.

"ताजं आहे," मोठी आजी मागे न वळता म्हणाली. "ये बाहेर. आणि मला आधी उठव, गुडघा अडकलाय."